विहार बांधताना उभे झाड राखावे

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बांधकामाचा हिशेब येतो, दानदात्यांची यादी येते. अंगणातल्या झाडाचे नाव मात्र कुठेच येत नाही. विहाराला लागून सभागृह बांधायचे चालले आहे आणि त्या जागेवर एक जुना लिंब उभा आहे. "झाड काढून टाका, नंतर दहा लावू," असे काहीजण म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण हा प्रश्न आज पहिल्यांदा आलेला नाही. तथागतांच्या काळी, विहार बांधतानाच तो आला होता.

विनयपिटकात ही हकीकत आहे. कोसंबीच्या घोषितारामात छन्न नावाचे भिक्खू राहत होते. एका उपासकाने त्यांना सांगितले, "भन्ते, जागा पाहा, मी विहार बांधून देतो." जागा साफ करताना छन्नांनी एक मोठे झाड तोडले. गावोगावचे लोक त्या झाडाला मान देत होते. लोक संतापले. श्रमण म्हणवणारे जिवंत झाड कसे तोडतात, असे ते विचारू लागले. तथागतांनी लोकांना अडाणी ठरवले नाही. त्यांनी छन्नांना दोष दिला आणि नियम घालून दिला. विहार बांधण्याआधी भिक्खूसंघाला जागेवर न्यावे, संघाने ती पाहून संमती द्यावी, त्या जागी कोणाला इजा होऊ नये आणि सभोवती फिरायला मोकळी जागा असावी. मुंग्या-उंदरांचे वास्तव्य आहे का, हेही पाहायचे होते. हा संघादिसेसातला सातवा नियम आहे.

सम्राट अशोकाने हाच धम्म राज्यकारभारात आणला. रस्त्याच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, असे सातव्या स्तंभलेखात आहे. विनाकारण जंगल जाळू नये, असे पाचव्यात आहे. म्हणजे लावणे आणि राखणे, दोन्ही.

बोधिवृक्षाचा इतिहासही हेच सांगतो. अशोककन्या संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली. इकडे बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला. कनिंगहॅम यांनी १८८१ साली तिथे त्याच्याच वंशाचे रोप लावले. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांतून १९६८ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिवृक्ष उभा राहिला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा दिली, तिथली ती सावली आहे. पुढे त्याच परिसरात जमिनीखाली पार्किंगसाठी खोदकाम सुरू झाले. त्याने स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल, म्हणून १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले आणि सरकारला काम थांबवावे लागले. जुन्या झाडासाठी आपला समाज उभा राहतो, हे सर्वांनी पाहिले.

पण घराजवळच्या झाडाबाबत आम्ही स्वतःच चुकलो आहोत. आमच्या वस्तीत घर बांधताना लिंब वाचवला म्हणून आम्ही खूष होतो. कुऱ्हाड लावली नव्हती, खोड शाबूत होते. पण पायाच्या नालीत एका बाजूची मुळे तुटली, बुंध्याशी मुरूम टाकला, तिथेच चुना अन् सिमेंट कालवले. दोन पावसाळे गेले, शेंडा वाळला आणि झाड गेलं. म्हातारी माणसं म्हणाली, "झाड तोडलं नाही, पण मारलं तुम्हीच." ते बोलणे अजून मनाला लागते.

अन्नपाणी घेणारी मुळे बहुतेक वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. म्हणून काम सुरू होण्याआधीच त्या घेरावर बल्ल्या ठोकून कुंपण करावे. आत रेती-गिट्टीचे ढीग नकोत, गाडी नको, जेसीबी नको. बुंध्यावर माती चढवू नये. नाली मुळांजवळून जात असेल तर हाताने खोदावी. मोठे मूळ आडवे आले तर कॉलम सरकवावा. उन्हाळ्यात पाणी द्यावे.

कायदाही आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नगर परिषदेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरची झाडे वारसा वृक्ष मानली आहेत. पण आपल्याला त्याही आधीचा, अडीच हजार वर्षांचा नियम आहे.

तेव्हा सभागृहाचा नकाशा पक्का करण्याआधी सर्व उपासक-उपासिकांनी एकदा जागेवर यावे, लिंबाखाली बसावे आणि मग ठरवावे. नवीन दहा झाडे जरूर लावू. त्यांची सावली आपल्या नातवंडांना मिळेल. या लिंबाची सावली मात्र आजच, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला बसणाऱ्या आपल्या आईबायांच्या डोक्यावर आहे. ती राखणे आपल्या हातात आहे.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!