ब्रांट रेषा आणि विषमतेचा बदलता नकाशा

श्रीमंत आणि गरीब जगाची विभागणी दाखवणारी भूगोलाच्या अभ्यासातील सुपरिचित रेषा म्हणजे ब्रांट रेषा. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय विकासाच्या प्रश्नांवर एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर लक्ष्मीकांत झा हे त्याचे भारतीय सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरून निघणारी ही रेषा भूमध्य समुद्र ओलांडून भारत व चीनच्या उत्तरेकडून जाते. पूर्वेला ती खाली वळते आणि जपान, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना ‘उत्तर’ गटात घेते. त्या वेळी उत्तरेत जगाची सुमारे पाव लोकसंख्या होती. उत्पन्न मात्र चार पंचमांश होते. दक्षिणेतील तीन चतुर्थांश लोकांच्या वाट्याला उरलेला एक पंचमांश येत होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचली. १९८० नंतरची बहुतांश वाढ दक्षिणेतच झाली; परंतु ही दक्षिण आता एकजिनसी राहिलेली नाही. दक्षिण कोरिया श्रीमंत देशांत गणला जातो आणि तेथील जननदर २०१८ पासून एकाच्याही खाली आहे. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली. बांगलादेशात १९७० च्या सुमारास एका स्त्रीमागे सरासरी सात अपत्ये होती. घरोघरी पोहोचलेली कुटुंबनियोजन सेवा, मुलींचे शिक्षण आणि घटलेले बालमृत्यू यांमुळे हे प्रमाण दोनच्या आसपास आले. याउलट नायजरमध्ये ते आजही सहाच्या घरात असून, निम्मी लोकसंख्या सोळा वर्षांहून लहान आहे.

हीच तफावत देशांतर्गतही आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताचा जननदर २.० होता, बिहारचा ३.०, तर महाराष्ट्राचा १.७.

उत्पन्नाचे चित्रही असेच पालटले आहे. चीन व भारताच्या आर्थिक वाढीमुळे देशादेशांतील दरी काहीशी कमी झाली. मात्र अनेक देशांच्या अंतर्गत ती रुंदावली. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार वरच्या १० टक्के लोकांकडे जगाचे ५२ टक्के उत्पन्न होते, तर तळाच्या निम्म्या लोकांकडे अवघे ८.५ टक्के. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशांकांतून ‘विकसित’ व ‘विकसनशील’ ही वर्गवारीच वगळली.

याचा अर्थ विषमता ओसरली असा नव्हे. अतिदारिद्र्यातील निम्म्याहून अधिक लोक आज सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत आणि लोकसंख्यावाढीचा वेगही तेथेच सर्वाधिक आहे. त्या मुलांना शाळा आणि पुढे रोजगार मिळतो की नाही, यावर उद्याचा नकाशा ठरेल. देशाची सरासरी पाहून आखलेली रेषा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही; त्यासाठी जिल्हा आणि कुटुंब यांच्या पातळीवरच मोजणी करावी लागते.