शासनाचा ठराव आणि गावाची साथ
(मराठवाड्यातील समतेच्या वाटचालीचे दोन प्रसंग)

जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले की जाणते लोक प्रथम जुन्या भिंती तपासतात. कोणता चिरा पक्का आणि कोणता पोकळ, हे पाहूनच नवे बांधकाम उभे राहते. समाजाचेही तसेच आहे. म्हणून या मंगल प्रसंगी आपल्या भागातील दोन घटनांचे स्मरण करणे उचित ठरेल.

मे १९४७ मध्ये पूज्य साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांस मोकळे झाले. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली येथील जनतेने लढा दिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली व १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरला. कागदावर समता आली. गावात यायला तिला फार वेळ लागला.

पहिला प्रसंग दुःखद आहे, पण तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ज्या महापुरुषाने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढून येथील गोरगरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखविली, त्यांचाच तो गौरव होता. परंतु ठराव झाला तरी मने तयार झाली नव्हती. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नांदेड जिल्ह्यास त्याची झळ फार बसली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात राबलेल्या माणसांना रातोरात घर सोडावे लागले. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. गाव सोबत नसेल तर शासनाचा ठराव एकटा पडतो, हा त्या सोळा वर्षांचा धडा होय.

दुसरा प्रसंग लातूरचा. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक निजले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराची धरणी हादरली. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी खात्यापित्या घरांची बांधणी होती. तीच अंगावर आली. कुडाच्या झोपडीला तो भार नव्हता. वाड्याचा मान आणि झोपडीचे हीनपण, दोन्ही त्या एका पहाटे मातीला मिळाले.

मग शासन व समाज एकत्र आले. जागतिक बँकेच्या कर्जाने, राज्याच्या निधीने आणि देशभरातून आलेल्या देणग्यांनी ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. तरीही न्यायाचा प्रश्न संपला नाही. घराचे माप जमिनीवरून ठरले : भूमिहीनास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्या जमीनदारास ७५०. जुन्या गावातील उतरंड अशा रीतीने नव्या गावाच्या आराखड्यातही उतरली, हे मान्य केले पाहिजे.

पण जी गावे हलवायची नव्हती तेथे वेगळी वाट सापडली. तेथे मदत हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती पडे व बांधकाम त्याने स्वतः करून घ्यावयाचे असे. योजना नीट समजावी म्हणून गावोगावी महिला मंडळातील बायांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. हजाराहून अधिक गावांत या बाया घरोघर फिरल्या. हप्ता केव्हा मिळतो, भिंतीच्या कोपऱ्यात सळई का घालावी, अर्ज कोठे अडला, हे त्यांनी समजावून दिले. ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, त्या ग्रामसभेत उभ्या राहून अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. त्यांतूनच पुढे ठिकठिकाणी बचत गट उभे राहिले. येथे शासनाने निधी दिला आणि त्या निधीचा हिशेब विचारण्याचे बळ गावाने कमावले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे बोध स्पष्ट होतो. कायदा दाराचे कुलूप काढतो. आतल्या माणसांनी सरकून जागा करावी लागते. मोठ्या देणगीदाराची हजारांची पावती आणि मजुराने दिलेला एका दिवसाचा घाम देवाच्या वहीत एकाच ओळीत लिहिला जातो. जीर्णोद्धारानंतर पहिल्या पंगतीत सारा गाव एका रांगेत बसेल, तेव्हाच या मंदिराचा कळस खऱ्या अर्थाने चढला असे म्हणता येईल.