आकडी थांबली, हाडांचं काय?

मंडळी, गेल्या वेळी आपण ब्रोमाइडपर्यंत आलो होतो. आज तिथून पुढे.

साल १९१२, जर्मनीतलं फ्रायबुर्ग. आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर अपस्माराच्या वॉर्डाच्या वरच राहायचा. खाली रुग्णांना रात्रभर आकड्या यायच्या आणि वर याची झोपमोड व्हायची. म्हणून त्याने त्यांना झोपेचं नवं औषध दिलं, फेनोबार्बिटल. रुग्ण झोपले, पण आकड्याही कमी झाल्या, अगदी दिवसाच्यासुद्धा. पुढे १९३८मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइनचा उपयोग दाखवला. आता माणसं वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन कामधंदा करू लागली. हे फार मोठं होतं, ते आपण विसरायचं नाही.

हाडांची तक्रार पुढे आली ती थेट १९६०च्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीतून. १९७०मध्ये लंडनच्या चार्ल्स डेंट आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांमधला ऑस्टिओमलेशिया, म्हणजे मोठ्या माणसांचा मुडदूसच म्हणा ना, मांडला.

मधली पन्नासेक वर्षं कुठे गेली? आम्हाला वाटतं, उत्तर एका साध्या समजुतीत आहे: फिट आली, पडला, हाड मोडलं. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? त्यातून संस्थेत राहणारे रुग्ण उन्हात कमी जायचे, त्यामुळे दोष अंधाराला आणि आहाराला देता यायचा. आणि ड जीवनसत्त्वावर यकृतात काय प्रक्रिया होते, हेही १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर १९७२मध्ये अमेरिकेत थिओडोर हान यांच्या गटाने रक्त तपासलं. गोळ्या घेणाऱ्या प्रौढांमध्ये यकृतात तयार होणारं ड जीवनसत्त्वाचं रूपच कमी निघालं.

होतं असं. ही औषधं यकृतातली एन्झाइम्स वाढवतात. ती एन्झाइम्स औषधाबरोबर ड जीवनसत्त्वाचीही लवकर विल्हेवाट लावतात. ड कमी, म्हणून आतड्यातून कॅल्शिअम कमी शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शिअम घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि जादा संप्रेरक सोडून हाडातलं कॅल्शिअम उपसून रक्तात आणतात. घर चालवायला दागिने मोडावेत तसं. रक्ताचा आकडा जेमतेम सांभाळला जातो आणि पोकळ होतं ते हाड. पण सगळा दोष एन्झाइम्सवर टाकूनही चालत नाही, कारण व्हॅल्प्रोएट ती वाढवत नाही, तरी ते घेणाऱ्यांतही हाडं विरळ झालेली आढळली आहेत.

म्हणून गोळी सोडायची का? मुळीच नाही, अचानक सोडली तर आकड्या थांबेनाशा होऊन जीवावर बेततं.

एक उलटी गाठ सांगून थांबतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होतात. मग कॅल्शिअम खूप घसरतं आणि त्यानेच आकडी येते. अशा माणसाला अपस्मार समजून फेनिटॉइन दिलं, तर कॅल्शिअम आणखी खाली जाऊ शकतं. त्याला हवं असतं कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व, आणि ते कळतं रक्ताच्या एका साध्या तपासणीतून.