प्रारंभिक प्रौढावस्थेतील मैत्री आणि एकाकीपणा : १८८० च्या दशकातील पुण्याचा एक अभ्यास

प्रास्ताविक

न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', डेक्कन एज्युकेशन सोसायटी व फर्ग्युसन कॉलेज या संस्थांचा इतिहास आपण विचारप्रणालींचा इतिहास म्हणून शिकवितो. त्यांचे संस्थापक त्या काळी विशी-तिशीतील तरुण होते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या दशकाकडे प्रारंभिक प्रौढावस्थेतील भावनिक व सामाजिक विकासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धांतिक चौकट आणि तिची मर्यादा

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 'चाइल्डहूड अँड सोसायटी' (१९५०) या ग्रंथात मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांपैकी सहावी अवस्था प्रारंभिक प्रौढत्वाची असून जवळीक विरुद्ध एकाकीपणा हा तिच्यातील मूलभूत संघर्ष होय. 'यंग मॅन लूथर' (१९५८) आणि 'गांधीज ट्रुथ' (१९६९) या ग्रंथांतून त्यांनी आपली दृष्टी इतिहासालाही लावली.

तथापि या मांडणीत एक क्रम गृहीत आहे. पौगंडावस्थेत 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर सापडते आणि त्यानंतर स्वेच्छेने निवडलेल्या व्यक्तीशी जवळीक साधली जाते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय उच्चवर्णीय समाजात हा क्रम उलटा होता. विवाह प्रथम होई. स्वत्वाचा शोध नंतर सुरू होई. टिळकांचा विवाह १८७१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी झाला. साहजिकच तारुण्यात स्वतः निवडता येण्याजोगे नाते पुरुषांपुरते एकच उरले : सहाध्यायाशी मैत्री.

डेक्कन कॉलेज ते डोंगरी

बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही जुलै १८५६ मध्ये जन्मले. एक रत्नागिरीचा, दुसरा कऱ्हाडजवळील टेंभूचा. आगरकरांचे शिक्षण तर अत्यंत दारिद्र्यात झालेले. डेक्कन कॉलेजात त्यांचा स्नेह जुळला आणि सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आगरकरांनी आईला पत्राने कळविले होते. ही घटना त्यागाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु कुटुंबाने आखलेला मार्ग नाकारून समवयस्काच्या साक्षीने आपला मार्ग ठरविणे, हा सामाजिक विकासातील एक निर्णायक टप्पाही होता.

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. १८८१ च्या प्रारंभी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली व आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक झाले. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. दोघांचेही वय तेव्हा सव्वीसच्या आसपास होते. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. या सहवासाने स्नेह दृढ झाला, पण मतभेद मिटले नाहीत.

अंतराय

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. संस्था वाढत असतानाच मित्र दुरावत होते. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादाबरोबरच आजीव सभासदांचे वेतन व बाहेरील उत्पन्न यांचाही वाद होता. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे उघडपणे विरुद्ध बाजूंना उभे होते.

हा कलह केवळ तत्त्वांचा मानल्यास त्याची कटुता उलगडत नाही. विद्यार्थिदशेतील मैत्री 'आपण एकच आहोत' या भावनेवर उभी राहते. प्रौढ मैत्रीला 'आपण वेगळे आहोत' हे पचवावे लागते. ज्या निश्चयावर दोघांनी आयुष्य उभारले होते त्याचाच अर्थ एकाला एक व दुसऱ्याला दुसरा वाटू लागला. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचे मत हे वचनभंगासारखे भासले असावे, असे अनुमान करता येते. जून १८९५ मध्ये आगरकर अडतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्यावर टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला.

स्त्रियांचा अनुभव

याच पुण्यात रमाबाई रानडे याच वयातून जात होत्या. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला व न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात त्यांनी या शिक्षणाची किंमत नोंदविली आहे. पतीशी बौद्धिक जवळीक जसजशी वाढली तसतसे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे व दुरावा वाट्यास आला. एरिक्सन ज्यांना परस्परविरुद्ध टोके मानतात, ती जवळीक आणि तो एकाकीपणा येथे एकाच घरात, एकाच कारणाने, एकदम अनुभवास येतात.

या कोंडीतून मार्ग मिळाला तो समवयस्क स्त्रियांच्या संगतीमुळे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांचे वय तेव्हा चोवीस होते. रमाबाई रानडे या समाजाच्या कार्यात सहभागी झाल्या. पुरुषांना महाविद्यालयाच्या वसतिगृहात सहज लाभलेले समवयस्कांचे वर्तुळ स्त्रियांना असे मुद्दाम निर्माण करावे लागले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या दशकातील संस्था ध्येयवादाइतक्याच तरुणांच्या परस्परसंबंधांतून उभ्या राहिल्या, आणि त्या संबंधांची वाढ संस्थांच्या वाढीच्या वेगाने झाली नाही. त्याचबरोबर, कोणास मित्र निवडता येतो व कोणास येत नाही, हे समाजरचना ठरविते. म्हणून विकासाच्या अवस्था सर्वांना सारख्या लागू करता येत नाहीत.

अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. आपल्या वर्गातील विद्यार्थी याच वयाचे असतात. तास संपताच घरकामासाठी परतणाऱ्या विद्यार्थिनीला महाविद्यालयाच्या आवारात समवयस्कांशी निवांत बोलण्याचा अर्धा तासही मिळत नसेल, तर तिच्या शिक्षणातील एक महत्त्वाचा भाग राहून जातो. तो अभ्यासक्रमात नाही, परंतु डेक्कन कॉलेजातील त्या दोन विद्यार्थ्यांच्या आयुष्याची दिशा त्यानेच ठरविली होती.