निवडुंगाचा सोयरा

फड्या निवडुंग आपल्या दख्खनचा मूळचाच, असे पुष्कळांना वाटते. गावकुसाला आणि शेताच्या बांधाला तो इतका रुळला की, त्याला परका म्हणणे जिवावर यावे. पण त्याचे माहेर अमेरिका. युरोपियनांच्या येण्याजाण्यात तो इकडे आला, तो एकटाच. त्याच्यावर पोसणारे सोयरे तिकडेच राहिले.

त्या सोयऱ्यांत एक किडा मोठा मोलाचा. कापसाच्या पुंजक्यासारखा तो फड्याला चिकटून रस पितो, आणि चिरडला की किरमिजी रंग देतो. मेक्सिकोतील या रंगाच्या व्यापारावर स्पेनचा मक्ता होता. ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा मोह न पडता तरच नवल! मद्रासेत डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी किड्याच्या स्वागतासाठी निवडुंगाची बागच लावली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी रिओ द जानेरोहून किडे कलकत्त्यास आणले.

मुलांना कंपनीचा इतिहास शिकवताना मी लढाया आणि तह सांगतो. हा किडा मात्र क्रमिक पुस्तकात नाही.

आणलेला किडा निघाला हलक्या जातीचा. रंग बेताचा, भूक दांडगी. व्यापार बुडाला, पण निवडुंगाची एक जात त्याने उत्तर व मध्य हिंदुस्थानातून जवळजवळ नाहीशी केली. पुढे दक्षिणेतही तेच घडले. तेव्हा १८६० नंतरच्या दशकात तो सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मुद्दाम निवडुंग मारण्यासाठी नेण्यात आला.

मौज अशी की, आपल्या फड्याला हा किडा तोंड लावीना! एका कुळातल्या दोन बहिणी; एकीला संपविणारा दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. फड्या माजला. त्याने गायराने आणि वाटा गिळल्या. दुष्काळात लोकांनी काटे जाळून तो गुरांना घातला, पण तेवढ्याने तो थोडाच हटणार? अखेर १९२६ मध्ये किरमिजी किड्याची दुसरी जात सिलोनहून दक्षिण हिंदुस्थानात आणली. तिने फड्याला बरोबर हेरले. पाचसहा वर्षांत सुमारे एक लाख एकर जमीन मोकळी झाली.

म्हणून परका किडा आणावा आणि सोडावा, असा धडा कोणी घेऊ नये. अर्जेंटिनाच्या एका पतंगाने १९२५ नंतर ऑस्ट्रेलियाची कोट्यवधी एकर जमीन निवडुंगातून सोडविली. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर नेला, १९८९ मध्ये फ्लोरिडात पोचला, आणि तिथल्या अस्सल देशी निवडुंगाच्या मुळावर उठला.

किडा तोच, भूकही तीच. कोणाच्या अंगणात त्याला सोडले, एवढ्यावर तो तारक की मारक हे ठरते. सृष्टीतली सोयरीक जुळायला युगे लागतात. माणूस ती एका जहाजाच्या फेरीत मोडतो आणि नवी जुळवू पाहतो. त्याने निदान दोन्ही घरची चौकशी तरी करावी, असे मला वाटते.