तपासणीचा आठवडा

नातवाच्या जातीच्या दाखल्याला आजोबाचा शाळेतला पुरावा लागतो. त्यासाठी गेल्या जूनमध्ये गावच्या शाळेत गेलो होतो. शाळेत आता दोन बाई आहेत आणि पट १९. धाकट्या बाईंनी लोखंडी कपाट उघडून जनरल रजिस्टर शोधायला घेतलं, तेव्हा त्याच्याखालून बांधणी सुटलेलं एक शेरेबुक निघालं. ‘‘काका, हे तुमच्या वेळचं दिसतंय,’’ म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि त्या पुन्हा कपाटात डोकं घालून बसल्या.

शेरेबुक म्हणजे शाळेत कुणी साहेब आला की जाताना चार ओळी लिहून सही करतो ती वही. पानं चाळता चाळता जानेवारी १९७३ची तपासणी सापडली. पट ६४, हजर ५७. दुष्काळ असूनही उपस्थिती समाधानकारक. चौथीची तोंडी गणितं चांगली. भिंतीवरचे तक्ते जुने झालेत, नवे करावेत. खाली तिरकी सही. संपलं.

त्या आठवड्यात मी चौथीत होतो आणि वर्गाचा मॉनिटर होतो. ५७ पोरं कशी गोळा झाली, आणि ती तोंडी गणितं कुणी सोडवली, हे मला ठाऊक आहे.

आमची वाडी माण तालुक्यातली. दहिवडी-म्हसवडकडचा हा मुलूख मुळातच कमी पावसाचा. आमची शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. तेव्हा ती स्कूल बोर्डाची शाळा होती. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळेवरची पाटी बदलली. पाटी लावायला भिंत पाहिजे म्हणून गावानं दोन खोल्या बांधल्या, असं म्हातारी माणसं हसत सांगायची. दगड ओढ्यातला, माती गावातली, पत्रे तेवढे सरकारचे. पहिली-दुसरी धाकटे गुरुजी सांभाळायचे, तिसरी-चौथी थोरले गुरुजी. थोरले गुरुजी शाळेतच राहायचे. दोन खोल्यांच्या मधल्या आडोशाला त्यांची चूल होती. त्यांच्या भाकरीचा वास यायला लागला की आम्हाला जेवणाची सुट्टी जवळ आल्याचं कळायचं.

१९७२ साली देशाला स्वातंत्र्य मिळून २५ वर्षं झाली. त्या १५ ऑगस्टला आम्ही रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. त्या पताका पुढं दोन महिने तशाच राहिल्या, कारण त्यांना भिजवायला पाऊसच आला नाही. त्याच्या आधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले. गुरं निम्मी विकली गेली. ज्वारी संपली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायला लागली. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि खाल्ली की पोटात दगड बसायचा. ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून पटायचं नाही.

सरकारनं कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी. पुढं १९७३च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आमच्या गावाच्या वाट्याला खडी आली. माळावर दगड फोडायचा, खडीचा ढीग लावायचा, आठवड्याला माप घ्यायचं. पैसे मापावर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. लहान पोरांचं नाव मस्टरवर लागत नसे, पण काम अंगावर घेतलेलं असलं की घरातला प्रत्येक हात त्या ढिगाला लागायचा. पोरं बारका दगड फोडायची, पाटी उचलायची, तान्ही पोरं सांभाळायची. शिवाय कामावर सुकडी मिळायची. मूठभर का होईना, गोड आणि फुकट. शाळेत फक्त पाढे मिळायचे. मग शाळेत कोण येणार? डिसेंबरात ६४च्या पटावर कधी २०, कधी २२ पोरं असायची.

अशात शनिवारी सकाळच्या शाळेत पोस्टमननं पाकीट आणून दिलं. सोमवारी तपासणी. गुरुजींनी ते पाकीट दोनदा वाचलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. हजेरी दिसली नाही तर धाकट्या गुरुजींची जागा जाईल, अशी बोलवा होती. एक मास्तर आणि चार इयत्ता म्हणजे काय, हे आमच्या आयांनासुद्धा समजत होतं.

त्या दिवशी दुपारपासून गुरुजी मला बरोबर घेऊन माळावर गेले. ढिगाढिगापाशी उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, ‘‘आठ दिवस पोरं द्या. फकस्त आठ दिवस. दुपारच्या सुट्टीत सुकडीला मी स्वतः सोडतो.’’ कुणी हो म्हणालं, कुणी नुसतं हातोडा मारत राहिलं. एक म्हातारी म्हणाली, ‘‘गुरुजी, आठ दिसांची मजुरी तुमच्या पगारातनं देता का?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘देतो, पर पगार होऊ द्या.’’ माणसं हसली आणि त्या हसण्यात काही पोरं सुटली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव लिहीत नाही, तिची नातवंडं आता शिकलीसवरलेली आहेत. त्या आठवड्यानंतर गाव तिला ‘मापाडी’ म्हणायला लागलं, तेच इथं वापरतो. तिचा बाप नव्हता. आई आणि पाठचा दोन वर्षांचा भाऊ. हिशेबात तिच्यापुढं वर्गात कुणी नव्हतं, मी तर नव्हतोच. मला मॉनिटर केलं होतं ते आवाज मोठा म्हणून. तिच्या आईनं आधी नाहीच म्हटलं. मग गुरुजी म्हणाले, ‘‘स्कॉलरशिपचा फारम भरलाय तिचा. शाळेतनं दोनच भरलेत.’’ आईला स्कॉलरशिप काय ते कळलं नसावं, पण दोनच म्हटल्यावर तिनं मान हलवली.

रविवारी शाळा सारवायची होती. त्याला पाणी पाहिजे. गुरुजींनी प्रत्येकाला एकेक तांब्या आणायला सांगितलं आणि त्या एका तांब्यावरून गावात सात-आठ घरांत भांडणं झाली. माझ्या आईनं दिला, पण अर्धाच. शेण म्हणाल तर गुरंच नव्हती. शेवटी अर्ध्या खोलीला सारवण पुरलं. साहेबांची खुर्ची कुठं ठेवायची ते त्यावरून ठरलं.

सारवण वाळतंय तोवर गुरुजींनी चौथीला बाहेर बसवून तोंडी गणितांची तयारी घेतली. पुस्तकातल्या गणितांत आमचं मन लागेना. तेव्हा त्यांनी हातातली फूटपट्टी माळाच्या दिशेनं केली. ‘‘तुमच्या आयबापांचा ढीग आठ फूट लांब, पाच फूट रुंद, एक फूट उंच. किती घनफूट?’’ घनफळ चौथीला नव्हतं. तरीही पोरं एकदम सरसावून बसली. मापाडीनं पाटीला हात न लावता सांगितलं, ‘‘चाळीस. म्हंजी ब्रासला साठ कमी.’’ गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी पुढची सगळी गणितं ढिगाचीच घातली.

सोमवारी साहेब सायकलीवर आले. गाव त्यांना दिपोटीच म्हणायचं, त्यांचं पद बदलून कितीतरी वर्षं झाली होती तरी. त्यांनी पट मोजला, दोघातिघांची नखं बघितली, दुसरीला कविता म्हणायला लावली. मग चौथीकडं वळून बाजाराचं गणित घातलं, पायलीचं. मापाडीनं सांगितलं. दुसरं घातलं, तेही तिनंच सांगितलं. तिसऱ्याला साहेब म्हणाले, ‘‘तू गप बस आता,’’ आणि हसले. गुरुजींच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पुन्हा पाहिलं नाही.

मंगळवारी शेजारच्या मोठ्या गावी खेळाच्या स्पर्धा. दोन कोस चालत गेलो. खो-खोत दुसरे आलो. खरं तर आम्हाला जिंकण्याहरण्यापेक्षा तिथं वाटलेले गूळ-शेंगदाणेच जास्त आठवतात. लेझीममध्ये आमचा नंबर लागला नाही, कारण आमच्या निम्म्या लेझमींना चकत्याच नव्हत्या. बुधवारी २६ जानेवारीची तयारी, कवायत, भाषणं. मला दिलेलं भाषण मी पाठ केलं होतं, ते अजून निम्मं येतं.

गुरुवार. शुक्रवारी सुट्टी म्हणून माळावर मापं एक दिवस आधीच निघाली. दुपारच्या सुट्टीत आम्ही सुकडीला पळालो. मापाडी वाटेत मला म्हणाली, ‘‘पट्टी आण.’’ शाळेची फूटपट्टी मॉनिटरच्या दप्तरात असायची. मी दिली. तिनं आईच्या ढिगाची लांबी, रुंदी, उंची तीन-तीनदा मोजली. आठ, पाच, एक. रविवारी गुरुजींनी सांगितलेलाच ढीग जसा काही. तेवढ्यात मुकादम वही घेऊन आला, त्यानं टेप टाकल्यासारखा केला आणि म्हणाला, ‘‘तीस.’’

‘‘चाळीस हाय,’’ मापाडी म्हणाली.

सगळे हातोडे थांबले. माळावर एवढी शांतता मी तोवर ऐकली नव्हती. मुकादम म्हणाला, ‘‘कोण म्हणतं?’’ तिनं पट्टी पुढं केली. ‘‘आठ पंचे चाळीस. गुरुजींनी शिकिवलंय. ह्यानंबी मोजलंय, इचारा ह्याला.’’

ह्याला म्हणजे मला. तिच्या शेजारचा ढीग आमचा होता. त्याचं माप अजून व्हायचं होतं. मी दादांकडं बघितलं. दादांनी मान हलवली नाही, काही बोललेही नाहीत, फक्त हातातला हातोडा हळूच खाली ठेवला. मी म्हणालो, ‘‘म्या न्हाय मोजलं.’’

मुकादम हसला. चारचौघांत वाद नको म्हणून म्हणा, त्यानं तिसाचे चाळीस केले आणि वर म्हणाला, ‘‘पोरगी मापाडी होणार बघा.’’ लोकही हसले. नाव पडलं ते तिथं. आमच्या ढिगाचं माप त्यानं घेतलं. किती धरलं ते मी मोजलं होतं आणि मला कळलंही होतं. दादांनी अंगठा उठवला.

शुक्रवारी झेंडावंदन झालं आणि प्रभातफेरी निघाली. गावात माणूसच नव्हतं. ‘भारतमाता की जय’ म्हटलं की मोकळ्या आळीतून आपलाच आवाज परत यायचा. गुरुजींनी फेरी माळाकडं वळवली. सुट्टी असली तरी अंगावरचं काम थांबत नसतं, सगळे तिथंच होते. मापाडी पहिल्या रांगेत झेंडा घेऊन होती. तिची आई नेहमीच्या जागी दिसेना. मग लांब, रस्त्याच्या पार टोकाला दिसली. तिथं काळा पाषाण होता, त्यावर हातोडा नुसता उडायचा. सकाळीच तिला तिकडं हलवलं होतं. पाणी लांब, सावली नाही, आणि ढीग पुन्हा पहिल्यापासून. आम्ही जवळून घोषणा देत गेलो. तिनं वर बघितलं नाही. मापाडीनं झेंडा माझ्या हातात दिला आणि ती रांगेतून निघून भावाला उचलायला गेली.

सोमवारी ती आली नाही. गुरुजी तीनदा गेले. मी बरोबर होतो, पण लांब उभा राहायचो. तिसऱ्या खेपेला तिची आई एवढंच म्हणाली, ‘‘गुरुजी, गणित आमाला परवडत न्हाय.’’ गुरुजी परत येताना वाटेत काही बोलले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पट्टी कुणाच्या दप्तरातली होती हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ढिगाचं गणित त्यांनी घातलं नाही. आंबे, पेढे, पेरू, असलंच सगळं. त्या वर्षी आंबे-पेढे कुणी बघितले होते?

स्कॉलरशिपची परीक्षा तेव्हा चौथीला आणि सातवीला असायची. २०१७ला ती पाचवीला आणि आठवीला गेली होती. तालुक्याला माझ्या शेजारच्या बाकावर नंबर चिकटवला होता आणि बाक मोकळा होता. मला स्कॉलरशिप मिळाली. धाकट्या गुरुजींची जागाही राहिली. १९७३ला पाऊस झाला, खडीचे ढीग रस्त्यात गेले. त्या रस्त्यानंच मी पुढं हायस्कूलला गेलो.

पुष्कळ वर्षांनी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला ती भेटली. लेक, जावई, सगळे बरोबर. मी त्या दिवसाचं काढलं, माफी मागायचं मनात होतं. तिनं मला बोलू दिलं नाही. ‘‘तुमच्या दादांचा किती होता?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, पंचेचाळीस. ‘‘आन् लिव्हला किती?’’ पस्तीस. ती मान हलवून म्हणाली, ‘‘मला वाटलंच हुतं.’’ मग तिनं लेकराच्या हातातला फुगा नीट बांधून दिला आणि गर्दीत गेली.

बाईंना जनरल रजिस्टर सापडलं होतं. माझं नाव त्यांनी बोट ठेवून दाखवलं आणि दाखला लिहायला घेतला. मी त्याच पानावर चार ओळी खाली गेलो. जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सतत गैरहजर. शाई इतरांपेक्षा फिकी होती. बाईंनी विचारलं, ‘‘काका, दाखल्याच्या किती प्रती करू?’’ मी दोन म्हणालो.