रोगाचे नाव आणि गुन्ह्याचे दायित्व

१९६८ च्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी रामन राघवला ओळखून ताब्यात घेतले, तेव्हा मुंबईने सुटकेचा निःश्वास टाकला. उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांना रात्री ठार मारल्याची कबुली त्याने दिली. इतकी निष्कारण क्रूरता पाहून लोकांनी एकाच शब्दात निकाल दिला: वेडा!

न्यायालयाचे एवढ्याने भागत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८४ वे कलम, जे आज भारतीय न्याय संहितेचे २२ वे आहे, रोगाचे नाव विचारीत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकारामुळे त्याचे स्वरूप, अथवा ते गैर वा बेकायदा आहे हे जाणण्यास आरोपी असमर्थ होता काय, एवढेच ते विचारते.

खटल्यात पोलीस शल्यचिकित्सकांनी आरोपीस मनोविकार नसल्याचे सांगितले. नायर रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांची साक्ष वेगळी होती: त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया आहे, आपण काय करतो हे त्याला कळे, ते गैर आहे हे मात्र उमगत नसे. १९६९ साली सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्यास सांगितले. स्वतःला ‘कानून’चा प्रतिनिधी मानणाऱ्या रामनने निरोपाच्या वेळी डॉक्टरांच्या हाती हात दिला नाही. अखेर १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. रोगाने त्याला निर्दोष ठरविले नाही. फासापासून तेवढे वाचविले.

याच रोगाचा महाराष्ट्रातील एक पोलीस शिपाई पत्नीच्या हत्येसाठी दोषी ठरला होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुक्त केले. त्याच्या बाजूने बोलली ती उपचारांची जुनी नोंद, आणि कृत्यानंतर त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नाही ही गोष्ट.

रोग एक, निवाडे दोन. पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती यांवाचून महापाप घडत नाही, अशी ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. तेथेही कृत्यामागील मन पाहावे लागते.

गिरगाव-परळच्या चाळीत असा रुग्ण असला की घरचे लोक लाजेने ते झाकतात. बहुसंख्य मनोरुग्णांच्या हातून कधीच हिंसा घडत नाही. तरी एका रामन राघवची सावली त्या सर्वांवर पडते. झाकलेल्या रोगाला उपचार मिळत नाहीत, आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर न्यायासनापुढे त्याच्या बाजूने बोलणारा कागदही नसतो.